चाखणारा एक, चालवणारा एक

वाइनच्या प्रदेशात रोड ट्रिपला जायचं म्हणजे मुळातच एक घोळ आहे आणि तो कुठल्याच ट्रॅव्हल साइटवर नीट लिहिलेला नसतो. फोटोत जोडपं हातात ग्लास घेऊन हसत असतं, मागे द्राक्षांचे मळे, वर कलतं ऊन, आणि तिथून ती दोघं हॉटेलवर कशी गेली हे कोणी सांगत नाही. ऑस्ट्रेलियात रक्तात ०.०५ टक्क्याला अल्कोहोल पोचलं की गाडी चालवायची सोय संपली, आणि पोलीस कुठेही, अगदी चार घरांच्या गावातल्या वळणावरसुद्धा गाडी बाजूला घ्यायला लावून नळीत फुंकायला सांगतात. म्हणजे दोघांपैकी एकानेच प्यायची. आम्ही मेलबर्नला राहतो, समुद्रापलीकडच्या टास्मानिया बेटावर जायचं बरीच वर्षं नुसतं चाललं होतं, आणि एकदाचं ठरल्यावर आमचं पहिलं भांडण बजेटवरून नाही की हॉटेलवरून नाही, तिथल्या टेमार व्हॅलीत, म्हणजे वाइनच्या भागात, गाडी कोण चालवणार यावरून झालं. शेवटी तह झाला की दिवस वाटून घ्यायचे. एक दिवस नवऱ्याचा, एक माझा. ज्याचा दिवस तो चाखणार, दुसरा चालवणार, आणि चालवणाऱ्याने टोमणे मारायचे नाहीत. शेवटचं कलम पहिल्याच दुपारी मोडलं ते सोडा.

गाडी आपलीच न्यायची म्हणून आम्ही बोटीने गेलो. ही बोट आधी पोर्ट मेलबर्नहून सुटायची, २०२२ पासून जिलाँगहून सुटते, आणि रात्रभर बास सामुद्रधुनी ओलांडून सकाळी डेव्हनपोर्टला लावते. बोटीत चढण्याआधीची रांग हा एक वेगळाच प्रकार आहे. टास्मानियात ताजी फळं, भाज्या, रोपं काही न्यायची परवानगी नाही, त्यामुळे रांगेतल्या प्रत्येक गाडीत लोक घाईघाईने काहीतरी खात असतात. आमच्या पुढच्या गाडीतलं एक पोरगं रडत रडत सफरचंद संपवत होतं, बाप दुसरं घेऊन तयार. आम्ही कढीपत्ता घरीच ठेवून आलो होतो, केळी मात्र रांगेतच संपवली.

आता हे सगळं वैतागवाणं वाटतं, पण ज्या गोष्टीसाठी आम्ही चाललो होतो ती याच कडकपणावर उभी आहे. फिलॉक्सेरा नावाची एक मावासारखी बारीक कीड असते, द्राक्षवेलीच्या मुळांवर जगते, एकोणिसाव्या शतकात तिने युरोपातले मळेच्या मळे झोपवले. ऑस्ट्रेलियात ती पहिल्यांदा सापडली १८७७ मध्ये, आणि कुठे, तर जिलाँगजवळच, म्हणजे आम्ही ज्या गावात बोटीच्या रांगेत उभे होतो तिथेच. मग सरकारी हुकमाने तिथले मळे उपटून टाकले. आमच्या घरापासून तासाभरावर यारा व्हॅली आहे, तिथेही २००६ मध्ये ती निघाली. टास्मानियात ती आजही नाही. मातीने भरलेल्या बुटांतून, टायरमधून ती प्रवास करू शकते, म्हणून मळ्यात घातलेले बूट घासूनपुसून न्या असं सांगतात. नवऱ्याने बाथरूममध्ये बसून टूथब्रशने बूट घासले होते. घरात इतक्या मन लावून त्याने दुसरं काही घासल्याचं मला आठवत नाही.

बास सामुद्रधुनीबद्दल एवढंच, की ती फार खोल नाही, सरासरी साठेक मीटर, आणि पश्चिमेकडून येणाऱ्या मोठ्या लाटा या उथळ पाण्यात शिरल्या की उंच आणि आखूड होतात. म्हणजे बोट डुलत नाही, दणकते. पूर्वी इथे जमीन होती, हिमयुगात समुद्र खाली होता तेव्हा लोक चालत ये-जा करायचे, बाराएक हजार वर्षांपूर्वी पाणी वर आलं आणि टास्मानिया बेट झालं. रात्री दोन वाजता बंकबेडच्या कठड्याला धरून पडलेलं असताना ही माहिती काही कामाची नसते. नवरा वरच्या बंकवर घोरत होता.

डेव्हनपोर्टहून लॉन्सेस्टनला यायला सव्वा-दीड तास, आणि तिथून उत्तरेला टेमार नदीच्या दोन्ही काठांनी मळे सुरू होतात. नदीचं मूळ लोकांनी दिलेलं नाव कानामालुका, पाट्यांवर आता दोन्ही नावं असतात. पाणी समुद्रापासून पार लॉन्सेस्टनपर्यंत भरती-ओहोटीचं, त्यामुळे नदी अंगाने मोठी पण स्वभावाने खाडी. पूर्वेला टेकडी ओलांडली की पायपर्स रिव्हरचा भाग. आम्ही मार्चच्या सुरुवातीला होतो, सगळ्या मळ्यांवर पांढऱ्या जाळ्या ताणलेल्या, लांबून बघितलं तर वाटावं टेकडीवर बर्फ पडलाय. पिकत आलेल्या द्राक्षांवर पक्षी तुटून पडतात म्हणून या जाळ्या. जवळ गेलं की दिसतं, एका ओळीत जाळीला फाटका कोपरा होता आणि तिथून आत शिरलेला एक चिमुकला पिवळसर डोळ्याचा पक्षी बाहेर यायची वाट शोधत द्राक्षं चाखतच होता, म्हणजे संकट आपल्या जागी, जेवण आपल्या जागी. मी नवऱ्याला म्हटलं, बघ, तुझा दिवस.

कारण तो दिवस त्याचा होता. मी चालवणार.

सेलर डोअरवर, म्हणजे वायनरीच्या चाखायच्या काउंटरवर, टेस्टिंगची पद्धत ठरलेली असते, पाच-सहा वाइन, प्रत्येकी दोन घोट, थोडी फी, बाटली घेतली की बऱ्याच ठिकाणी ती फी माफ. काउंटरवर थुंकायचं भांडं असतंच. मी आधी म्हणत होते की चालवणाऱ्यानेही चाखून थुंकायला काय हरकत आहे, पण एक तर थोडं पोटात जातंच, आणि दुसरं म्हणजे थुंकणं ही एक कला आहे. आमच्या शेजारी एक बाई होत्या, साठीच्या पुढच्या, त्यांनी ग्लास फिरवला, घोट घेतला, तोंडात चुळीसारखा खळखळवला आणि हातभर लांबून सरळ रेषेत भांड्यात सोडला, एक थेंब इकडेतिकडे नाही, मधे गप्पाही थांबल्या नाहीत. मी प्रयत्न केला तर शर्टावर लाल पिनो न्वार. त्यानंतर मी पाण्याचा ग्लास घेऊन नुसता वास घ्यायचं धोरण ठेवलं.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की जो पीत नाही त्याला सांगणाऱ्याकडे नीट बघता येतं. काउंटरमागच्या माणसाने, तो तिथे वाइन बनवणाऱ्या टीममधलाच होता, स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाइन, कशी करतात ते सांगायला घेतलं आणि नवरा चौथ्या ग्लासात बुडालेला असल्यामुळे ते सगळं मी ऐकलं. आधी साधी वाइन करायची, आंबट, कडक, नुसती प्यायला नकोशी. ती बाटलीत भरायची, सोबत थोडी साखर आणि यीस्ट, वरून झाकण. आता यीस्ट आत कोंडून साखर खातं, गॅस बाहेर पडायला जागा नाही, तो वाइनमध्येच विरघळतो आणि बाटलीतला दाब गाडीच्या टायरच्या जवळपास तिप्पट होतो. यीस्ट मरतं, त्याचा गाळ तळाशी बसतो, आणि वाइन त्या गाळावर दोन-दोन तीन-तीन वर्षं पडून राहते, ब्रेडसारखा जो वास येतो तो तिथून. मग बाटली हळूहळू उलटी करत, थोडी थोडी फिरवत गाळ मानेशी आणायचा, मान गोठवायची, झाकण उडवायचं, दाबाने गोठलेला गाळ बंदुकीच्या गोळीसारखा बाहेर. त्याने रिकामी बाटली घेऊन मनगटाचा तो पाव वळसा दाखवला, खट, खट, खट. आता हे काम मशिनं करतात म्हणाला, पण हाताला सवय राहिली आहे.

हे सगळं टास्मानियात का, तर थंडी. अक्षांश ४१ ते ४३, म्हणजे द्राक्षं सावकाश पिकतात, साखर हळूहळू चढते आणि आंबटपणा टिकून राहतो, आणि स्पार्कलिंगला नेमका तोच लागतो. १९७४ मध्ये अँड्र्यू पिरी नावाच्या माणसाने भावाबरोबर पायपर्स ब्रूकला वेली लावल्या, आधी युरोपातल्या हवामानाशी तुलना करून जागा शोधली आणि मग फावडं उचललं. ऐंशीच्या दशकात फ्रान्सच्या लुई रोएडरर या शॅम्पेन घराण्याने इथे येऊन भागीदारी केली, त्यातून जान्झ हे वाइनचं नाव आलं, १६४२ मध्ये या बेटाजवळ येऊन गेलेल्या आबेल यान्सझून टास्मानच्या नावावरून. आज ऑस्ट्रेलियाच्या एकूण द्राक्षपिकात टास्मानियाचा वाटा जेमतेम एक टक्क्याच्या आसपास. वाइन महाग आहे, नाही म्हणत नाही, आहे महाग. पण इथे द्राक्षं लावायची गोष्ट तशी नवीही नाही, होबार्टजवळ बार्थोलोम्यू ब्रॉटनने १८२३ मध्येच मळा लावला होता, नंतर मधे शंभर वर्षं सगळे सफरचंदांच्या मागे लागले.

परतताना नवरा शेजारच्या सीटवर बसून मला जगातली प्रत्येक गोष्ट समजावून सांगत होता. वळण उजवीकडे आहे हे वळण गेल्यावर सांगायचा. मी गप्प होते. मग तो म्हणाला की तू चांगली चालवतेस पण ब्रेक जरा उशिरा दाबतेस, आणि तिथे ते कलम मोडलं.

लॉन्सेस्टनमधलं कॅटरॅक्ट गॉर्ज मला सगळ्यात आवडलं ते एवढ्यासाठी की ते शहराच्या अंगणात आहे. मुख्य बाजारपेठेतून चालत पंधरा-वीस मिनिटांत काळ्या कातळांची अरुंद दरी, खालून साउथ एस्क नदी, कड्याच्या कडेने पायवाट, आणि आत गेलं की हिरवळ, पोहायचा तलाव आणि मोर. मोर! पिसारा फुलवून सँडविच मागत फिरणारे. वरून चेअरलिफ्ट आहे १९७२ ची, तिचा मधला एकच झोका ३०८ मीटरचा, एवढा लांब सिंगल स्पॅन जगात दुसऱ्या चेअरलिफ्टला नाही असं सांगतात. पाय मोकळे लोंबकळतात, चप्पल घट्ट धरावी लागते. दरीतून आणखी वर चालत गेलं की डक रीचचं जुनं वीजघर लागतं, १८९५ मध्ये लॉन्सेस्टनचे रस्ते या नदीच्या विजेवर उजळले, दक्षिण गोलार्धात तेव्हा अशी शहरं बोटावर मोजण्याएवढी. १९२९ च्या पुरात ते वाहून गेलं, पुन्हा बांधलं, १९५५ ला बंद केलं. तिथपर्यंत फारसं कोणी येत नाही, आम्ही दोघंच होतो, नवऱ्याचं डोकं जड आणि माझं साफ हलकं, त्यामुळे मला फार आनंद झाला.

मग ए-३ हायवे. हायवे म्हणायचं म्हणून, दोन पदरी रस्ता आहे, लॉन्सेस्टनहून स्कॉट्सडेल, सेंट हेलेन्स, स्वान्सी असा पूर्व किनाऱ्याने फिरून होबार्टला जातो. सेंट हेलेन्सपर्यंत नकाशावर दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर दिसतं पण वेल्डबरो पास आला की वळणावर वळण, दोन्ही बाजूंना मर्टलची जुनी झाडं, खोडांवर हिरवं शेवाळ, उन्हाचा एक कवडसा खाली येत नाही. लॅव्हेंडरचं प्रसिद्ध शेत वाटेत आहे, पण कापणी जानेवारीतच उरकलेली, मार्चमध्ये तिथे नुसते भादरलेले राखाडी गोळे. जांभळ्या फोटोंच्या आशेने आलेली एक बस तिथे उभी होती, त्या लोकांनी लॅव्हेंडरचं आइस्क्रीम खाऊन समाधान मानलं. आम्हीही.

बे ऑफ फायर्सबद्दल मला आधी वाटायचं की नारिंगी दगडांवरून हे नाव पडलं असणार. तसं नाही, १७७३ मध्ये टोबायस फर्नो जहाजावरून चालला होता, किनाऱ्यावर त्याला जागोजागी आगी दिसल्या, तिथल्या मूळ लोकांनी पेटवलेल्या. म्हणजे त्या जागेला नाव मिळालं ते तिथे माणसं राहत होती म्हणून, आणि पुढे शंभर वर्षांच्या आत त्याच माणसांना तिथून हाकललं, मारलं, उरलेल्यांना बेटावर नेऊन ठेवलं. त्यांचं या किनाऱ्याचं नाव लारापुना. वंशज आज आहेत, टास्मानियातच आहेत, आणि नावं परत मागताहेत. पाटीवर दोन ओळींत हे संपतं आणि खाली पार्किंगचे नियम सुरू होतात.

दगड मात्र खरंच नारिंगी. पांढरी वाळू, अशक्य निळं पाणी आणि मधे हे ग्रॅनाइटचे भगवे ढिगारे. मी एका दगडापाशी ओणवी होऊन बराच वेळ बघत बसले. रंग दगडाचा नाहीच, वर लायकेनचा थर आहे, आपल्या गोड्या मसाल्यात दगडफूल पडतं त्याच खानदानातलं, बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. जवळून बघितलं तर सपाट थर नाही, बारीक बारीक खवले, कडेला फिकट, मधे गडद शेंदरी, काही ठिकाणी वाळून भेगाळलेले, आणि नखाने खरवडावंसं वाटतं पण खरवडायचं नाही, कारण हे वर्षाला मिलिमीटरच्या हिशोबात वाढतं. एकाचं अन्न, दुसऱ्याचं घर. कोणी कोणाला धरून ठेवलंय हे सांगता येत नाही. नवरा लांबून ओरडला, अगं पाण्यात ये, मी पाय घातला आणि तेवढ्याच वेगाने बाहेर काढला. बर्फ आहे ते पाणी, फोटोवर जाऊ नका.

या टप्प्यात मी चाखणारी होते. आणि इथे एक कबूल करायला हवं, चाखणाऱ्याला रस्ता दिसत नाही. मला बिशेनोचे पेंग्विन आठवतात, संध्याकाळी पाण्यातून झोकांड्या खात वर येणारे, मला फ्रेसिनेजवळ खाल्लेली ऑयस्टर्स आठवतात, लिंबू पिळल्यावर ती जरा आकसतात ते आठवतं, आणि त्याबरोबरचं पांढरं रीझलिंग तर अजून जिभेवर आहे, लिंबाची साल, ओला दगड, शेवटी मिठासारखं काहीतरी. पण त्या दोन ठिकाणांमधला रस्ता? शून्य. नवरा म्हणतो की तिथे डावीकडे सबंध वेळ समुद्र होता आणि एके ठिकाणी रस्त्यावर एकिडना, साळिंदरासारखा काटेरी प्राणी, होता, त्यासाठी त्याने गाडी थांबवली, मी उतरलेसुद्धा. फोटोत मी आहे. एकिडनाही आहे. आणि टेमारच्या बाबतीत बरोबर उलटं, मला तिथलं प्रत्येक वळण, प्रत्येक टपालपेटी आठवते आणि त्याला कुठली पिनो कुठली होती यापलीकडे काही नाही. एका गाडीत बसून आम्ही दोन वेगवेगळी टास्मानिया बघून आलो, आणि गंमत म्हणजे दोघांनाही आपलीच खरी वाटते.

फ्रेसिनेचं नॅशनल पार्क १९१६ चं, टास्मानियातल्या सगळ्यात जुन्या दोन पार्कांपैकी एक. द हॅझर्ड्स नावाचे गुलाबी ग्रॅनाइटचे डोंगर, त्यांच्या खिंडीत चढून गेलं की पलीकडे वाइनग्लास बे. लुकआउटपर्यंत जाऊन येऊन तीनेक किलोमीटर, खाली वाळूपर्यंत उतरून परत यायचं तर सहाएक, आणि त्या उतरायच्या पायऱ्या चढताना संपत नाहीत. वरून बघितलं तर खरंच ग्लासाच्या वाडग्यासारखी गोल वक्र किनार, काठोकाठ निळं पाणी. पण सांगतात ते वेगळं. एकोणिसाव्या शतकात इथे व्हेल मारून किनाऱ्यावर आणायचे, कापायचे, चरबी कढवायचे, आणि खाडीचं पाणी लाल व्हायचं, भरल्या ग्लासासारखं. दोन्ही गोष्टी एकाच कठड्याशी उभं राहून ऐकायच्या असतात, आणि शेजारी कोणीतरी प्रपोज करत असतं. आम्ही होतो तेव्हा खरंच एक जण गुडघ्यावर बसला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मुलगी हो म्हणाली आणि मग दम खात खाली बसली. चढ आहे तो.

खाली बीचवर एक वॉलाबी, छोटं कांगारूच, आमच्या पिशवीकडे बघत बसली होती. त्यांना खाऊ घालू नका असं सगळीकडे लिहिलेलं असतं, ब्रेड वगैरे खाल्ला की त्यांच्या जबड्याला रोग होतो आणि मग त्या उपाशी मरतात. तिचा बघण्याचा अंदाज मात्र थेट लग्नातल्या पंगतीत वाढप्याकडे बघणाऱ्या काकांचा.

तिथून परत हायवेला लागलं की थोड्या अंतरावर डेव्हिल्स कॉर्नर नावाची वायनरी आहे, शिपिंग कंटेनर रचून केलेला टेहळणी मनोरा, वर चढलं की खाली मळे, मग खाजण, मग पाणी आणि पाण्यापलीकडे तेच हॅझर्ड्स. तिथे हातात ग्लास घेऊन मी बराच वेळ उभी होते आणि नवरा खाली गाडीपाशी स्कॅलप पाय खात होता. करीड स्कॅलप पाय. ही टास्मानियाची खासियत, शिंपल्यातला मांसल गोळा, पिवळ्याधमक करीच्या सॉसमध्ये, वर पेस्ट्री. नवऱ्याचं मत पडलं की यात हळद, मैदा आणि सदिच्छा आहेत. तरी त्याने दोन खाल्ले. ही करी पावडर इथलीच, एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून आलेल्या जोसेफ कीनने बनवलेली, आणि होबार्टला गेल्यावर तर आम्ही थक्कच झालो, साउथ होबार्टच्या टेकडीच्या उतारावर दगड रचून एवढाल्या पांढऱ्या अक्षरांत लिहिलंय, कीन्स करी. शहरातून दिसतं. जगाच्या या टोकाला, अंटार्क्टिकाच्या वाटेवर, डोंगरावर करीची जाहिरात. मसाल्याचा डबा डिकीत असलेल्या माणसाला त्यावर काय बोलावं सुचत नाही.

होबार्टवर फार लिहीत नाही, त्यावर खूप लोकांनी लिहिलंय. कुनान्यी म्हणजे माउंट वेलिंग्टन १२७१ मीटर, खाली ऊन आणि वर बोटं गोठतात. हा डोंगर आणि मागच्या रांगा पश्चिमेचा पाऊस अडवतात म्हणून होबार्ट ऑस्ट्रेलियातलं ॲडलेडनंतर सगळ्यात कोरडं राजधानीचं शहर, आणि म्हणून रिचमंडच्या बाजूला कोल रिव्हर व्हॅलीत द्राक्षं होतात. डरवेंट नदीच्या काठी मूरिला ही वायनरी आहे, क्लाउडिओ अल्कोर्सो या इटालियन माणसाने १९५८ मध्ये तिथे वेली लावल्या, आता त्याच जागी २०११ पासून मोना म्युझियम, जुगारावर पैसा कमावलेल्या डेव्हिड वॉल्शचं. जमिनीखाली खोदत नेलेलं म्युझियम, आत एक मशीन आहे ज्याला रोज जेवण घालतात आणि ते ठरल्या वेळी शी करतं. खरंच. लोक घड्याळ बघून येतात. ब्रुनी बेटावर गेलो तेही धावतपळत, फेरीने पंधरा-वीस मिनिटं, द नेक नावाची वाळूची चिंचोळी पट्टी दोन तुकड्यांना जोडते, वर लाकडी पायऱ्या चढून ट्रुगानिनी लुकआउट. पायऱ्या पावणेतीनशेच्या घरात. त्या दिवशी वारा असा होता की बोललेला शब्द तोंडातून निघून थेट न्यूझीलंडला जात होता, आमचं त्या दिवशी एकदाही भांडण झालं नाही.

क्रेडल माउंटनला येईपर्यंत वाइन संपली होती. म्हणजे मळे संपले, डिकीत बाटल्या होत्या. इथे दिवसवाटणीचा प्रश्नच नाही, मोसमात गाड्या व्हिजिटर सेंटरपाशी ठेवायच्या आणि शटल बसने आत जायचं. दोघंही खिडकीतून बाहेर बघत होतो, पहिल्यांदाच एकच गोष्ट. डव्ह लेकभोवती सहा किलोमीटरची वाट, काळं पाणी, वर १५४५ मीटरचा डोलेराइट दगडाचा दातेरी डोंगर, जो आम्हाला ढगांनी एकूण दहा मिनिटं दाखवला. रॉनी क्रीकला उतरलो तर गवतात वॉम्बॅट, गुबगुबीत चार पायांचे प्राणी. लांबून दगड वाटतात, मग दगड चालायला लागतो. एक तर लाकडी पायवाटेच्या अगदी कडेला, नाक गवतात, चावण्याचा कर्रर्र आवाज येतोय, आमच्याकडे ढुंकून बघितलं नाही. आणि पाटीच्या पायाशी, एका उंचवट्यावर, त्याची लेंडी. चौकोनी. मी आधी वाचलं होतं तरी विश्वास बसला नव्हता, पण खरंच कडा असलेले ठोकळे, आतड्याच्या भिंतीचा ताण सगळीकडे सारखा नसतो म्हणून असा आकार येतो. मोनातल्या त्या महागड्या मशीनला हे जमत नाही, असं नवरा म्हणाला, आणि सबंध ट्रिपमध्ये त्याने केलेला हा एकमेव विनोद ज्यावर मी हसले.

तिथून जवळच वाल्डहाइम आहे, जंगलातलं किंग बिली पाइनच्या लाकडाचं घर. मूळ घर गुस्टाव वाइनडॉर्फर या ऑस्ट्रियन माणसाने १९१२ मध्ये बांधलं, आताचं त्याच धर्तीवर पुन्हा उभारलेलं. त्याची बायको केट टास्मानियाची, दोघांनाही वनस्पतींचं वेड, १९०६ मध्ये लग्न झाल्यावर हनिमूनला माउंट रोलंडवर तंबू ठोकून झाडपाल्याचे नमुने गोळा करत राहिले. १९१० मध्ये दोघं क्रेडलच्या शिखरावर गेले, हा भाग सगळ्यांसाठी राखून ठेवायला हवा हे तेव्हापासून डोक्यात. केट १९१६ मध्येच गेली. तो एकटा त्या पावसाबर्फात १९३२ पर्यंत राहिला, येणाऱ्याजाणाऱ्याला खाऊपिऊ घालत, डोंगर दाखवत. मी त्या खोलीत उभी राहून विचार करत होते की केटला काय आठवत असेल आणि त्याला काय, दोघांच्या वह्या वेगळ्या होत्या का एकच. नवरा म्हणाला, अंधार पडायच्या आत निघू या.

ते बरोबरच होतं. संध्याकाळनंतर टास्मानियात गाडी चालवणं नको वाटतं, पॅडमेलन, पोसम, वॉलाबी सगळे रस्त्यावर येतात, आणि सकाळी कडेला त्यांचे देह पडलेले दिसतात, इतके की पहिले दोन दिवस मी मोजत होते मग सोडून दिलं. टास्मानियन डेव्हिल या प्राण्यासाठी तर वेगाच्या वेगळ्या पाट्या आहेत, सूर्यास्त ते सूर्योदय. जो चाखतो त्याला हे दिसत नाही, जो चालवतो त्याला दिसतं, एवढं मी त्याला ऐकवलं, टोमण्यांचा करार संपलेलाच होता.

पश्चिम किनारा राहिलाच. स्ट्रान, क्वीन्सटाउन, ते पावसाचं जंगल. तिकडे पाऊस इतका की द्राक्षांचा विषयच नको, पण तिथे लेदरवूड नावाचं झाड वाढतं, जगात फक्त टास्मानियात, आणि त्याच्या पांढऱ्या फुलांचा मध मिळतो, तिखटसर, अत्तरासारखा, पावाला लावला तर पाव गप्प बसतो. डेव्हनपोर्टला बोटीत चढण्याआधी आम्ही त्याचा मोठा डबा घेतला आणि बाटल्यांबरोबर डिकीत कपड्यांत गुंडाळून ठेवला. बास सामुद्रधुनीने आपलं काम केलं. घरी येऊन डिकी उघडली तर बाटल्या एकूणएक शाबूत, डबा आडवा, झाकण सैल, आणि मध नवऱ्याच्या जीन्समधून झिरपून कार्पेटमध्ये. लेबलं चिकटून निघाली, त्यामुळे आता कुठली पिनो पायपर्स रिव्हरची आणि कुठली कोल रिव्हरची हे फक्त पिऊन ठरवावं लागतंय, आणि दोघंही घरीच असल्यामुळे दोघांनाही पिता येते, तरी एकमत होत नाही. गाडी दोनदा धुऊन आणली. वास जात नाही. त्याला तो आवडतो, माझं डोकं चढतं, आणि कार्पेट बदलायचं की नाही यावर सध्या बोलणी चालू आहेत.